नळी किती वाजता भरली

९ जानेवारी

आज सुमनजींवर ओरडले. सगळ्या लॅबसमोर.

बस्सी गावच्या केंद्रावर सकाळी नऊला काढलेलं रक्त आमच्याकडे जयपूरला दुपारी तीनला पोचलं. मी म्हणाले, नळ्या घेऊन येता की जत्रा करत येता? त्यांनी त्यांच्या निळ्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "मैडम, गाड़ी एक ही है. पहले दवाइयाँ उतारती है, फिर हमें बिठाती है." बावीस वर्षं टेक्निशियन आहेत. उत्तर तयारच असतं.

घरी आले तर बाबांनी ही डायरी पुढे केली. बँकेतून निवृत्त झालेल्यांना दर वर्षी मिळते ती. "माझ्याकडे आता लिहिण्यासारखं काही घडत नाही, विनया. तू घे. पण मराठीत लिही, नाहीतर गंजेल." म्हणून हे मराठीत.

घडतंय ते एवढंच. चार वर्षं मी एकाच गोष्टीच्या मागे आहे. ज्या घरांत स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो, त्या घरांतल्या बायकांची जनुकं तपासता येतात. ती तपासणी म्हणते, तुम्हांला धोका आहे. कधी, ते म्हणत नाही. मग ती बाई दर वर्षी मशीनमध्ये जाते आणि उरलेले दिवस भीत बसते. मला 'कधी' सांगणारी तपासणी हवी आहे. रक्तातली प्रथिनं, जी गाठ हाताला लागायच्या आधी वाढतात. आजवर एकशे अठरा बायका झाल्या. पाच प्रथिनं हाती लागली आहेत. ज्यांना गाठ आहे त्यांच्यात पाचही वर, ज्यांच्यात फक्त बिघडलेलं जनुक आहे पण गाठ नाही, त्यांच्यात पाचही खाली. इतकं स्वच्छ चित्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आणि अशा वेळी ही माणसं नळ्या सहा-सहा तास फिरवत बसतात.

१४ जानेवारी

संक्रांत. शास्त्री नगरच्या गच्च्यांवर सकाळपासून स्पीकर आणि पतंग. तनया आणि निनाद आले होते. तनया तिळाच्या वड्या घेऊन गच्चीच्या कठड्याला टेकून बसली आणि म्हणाली, "ताई, फेब्रुवारीत एमआरआय आहे. मला नाही जायचंय यार. पालथं झोपवतात, वर ठकठक ठकठक. मतलब पाऊण तास मी मेलेलीच असते."

"दर वर्षी जातेस."

"या वर्षी आम्ही बाळासाठी ट्राय करतोय. दिवस गेले असले आणि मी तिथे जाऊन ते औषध टोचून घेतलं तर?"

निनाद पतंगाकडे बघत होता. तो चांगला मुलगा आहे, पण नको तिथे चांगला असतो.

बाबा म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय तसं कर, बाळ." माझ्या डोक्यात तिडीक गेली. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, तनया दहा. आईची गाठ लिंबाएवढी होईपर्यंत ज्या माणसाला काही दिसलं नाही, तो आता सल्ले देतो. मी तसं बोलले नाही. वडीचा डबा जरा जोरात ठेवला.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी जनुकांची तपासणी केली. आईचं ते बिघडलेलं जनुक माझ्यात आलं नाही. तिच्यात आलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मी तिला म्हणाले, सोमवारी लॅबमध्ये ये, रक्त घेते.

५ फेब्रुवारी

तनयाचा निकाल. पाचही खाली. नुसते खाली नाहीत, आमच्या एकशे एकोणीस नमुन्यांत सर्वांत खाली. किती वेळ तो आलेख पाहत बसले. रक्त आमच्याच खोलीत काढलं होतं, सुमनजींनी दहा मिनिटांच्या आत नळी यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या केल्या. असं काम रोज का होत नाही, कोण जाणे.

फोन केला. ती ऑफिसात होती, सीतापुऱ्याला.

"मतलब, माझ्यात काही नाहीये?"

"या पाच प्रथिनांत काही नाही."

"तर एमआरआय पुढे ढकलू?"

"मी तसं म्हणत नाहीये. तुझ्या डॉक्टरांना विचार. पण तुझ्या जागी मी असते तर इतकी घाबरले नसते."

ती हसली. कितीतरी महिन्यांनी तिचं असं हसणं ऐकलं. आईसारखं हसते, शेवटी श्वास आत घेऊन.

नोंद करून ठेवते: ढकल, असं मी म्हटलेलं नाही.

८ मार्च

महिला दिनाचा कार्यक्रम. संस्थेच्या सभागृहात गुलाबी फुगे. आमचे संचालक डॉ. सिंघवी माइकवर उभे राहिले आणि म्हणाले की आपल्या संस्थेने अशी तपासणी शोधली आहे की आता राजस्थानातल्या एकाही बहिणीला या आजाराची भीती बाळगायला नको. टाळ्या. मी तिसऱ्या रांगेत. माझं काम, आणि मला विचारलंही नाही.

त्यांच्या खोलीत गेले. तिथे कळलं की एवढ्यावर थांबलेले नाहीत. आमच्या अभ्यासातल्या अकरा निरोगी बायकांना संस्थेच्या कागदावर पत्रं गेली आहेत, 'आपके रक्त में चिंता की कोई बात नहीं पाई गई'. मी म्हणाले, अर्ध्या कच्च्या तपासणीवर एखाद्या बाईला धीर देणं हा गुन्हा आहे. ती बाई उद्या तपासायला यायची थांबेल, त्याचं पाप कोणाच्या माथी? ते शांतपणे म्हणाले, "विनयाजी, हमने किसी को जाँच बंद करने को नहीं कहा है. पत्र में ऐसा एक शब्द नहीं है."

शब्द नाही म्हणे. शब्द नसला म्हणजे सुटले. संताप संताप झाला.

घरी निनादचा फोन आला होता, बाबांशी बोलला. बोलता बोलता म्हणाला की तनया यंदा एमआरआयला गेली नाही, निवांत आहे, वजनही वाढलंय. तिचा निर्णय. ती तेहतीस वर्षांची आहे.

२ एप्रिल

शोधनिबंध पाठवला. आताच अडतीस अंश.

२४ एप्रिल

परीक्षकांचे शेरे आले. दोघांनी कौतुक केलंय. तिसऱ्याने एकच प्रश्न विचारलाय: दोन्ही गटांत रक्त काढल्यापासून ते फिरवेपर्यंत किती वेळ गेला? तक्ता द्यावा.

अशी माणसं असतात. दुसऱ्याच्या घरात शिरून चपला मोजणारी. स्वतः काही शोधायचं नाही.

पुण्याला प्रतिमाला फोन केला. कॉलेजपासूनची मैत्रीण, संख्याशास्त्र तिचं. आमचे आकडे तिनेच तपासून दिले होते. मला वाटलं, तीही चिडेल. ती चिडली नाही. मग म्हणाली, "विनया, गाठ असलेल्या बायकांचं रक्त कुठे काढलंत?"

"बहुतेकींचं बस्सीला. आसपासच्या गावांतल्या आहेत. केमो चालू व्हायच्या आधीच घ्यायचं होतं, त्यांना कुठे इथवर आणणार?"

"आणि निरोगी?"

"त्या गावाकडच्या असल्या तरी बहुतेक बसने इथे येतात. चालत्याबोलत्या आहेत."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग मी म्हणाले, तुला काय म्हणायचंय ते स्पष्ट म्हण. ती म्हणाली, "मला काहीच म्हणायचं नाही. तू वेळा काढ."

फोन ठेवून दिला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिला 'बरं, ठेवते' असं न म्हणता.

२८ एप्रिल

आमच्या फॉर्मवर रक्त काढल्याची तारीख आहे. वेळ नाही. चार वर्षांपूर्वी फॉर्म मीच बनवला.

सुमनजींकडे गेले. त्या नळ्यांना चिठ्ठ्या लावत होत्या. विचारलं, बस्सीच्या नमुन्यांच्या वेळा कुठे मिळतील? त्यांनी हातमोजे काढले, कपाट उघडलं आणि एकावर एक चार निळी रजिस्टरं माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक नळी. कोणाची, किती वाजता भरली, किती वाजता फिरवली, बर्फ होता की वितळला. चार वर्षं, एकही दिवस न सोडता. अक्षर शाळेतल्या मुलीसारखं गोल.

"आपने कभी बताया क्यों नहीं?" मी म्हणाले.

"दो बार बताया था, मैडम. आपने कहा, तारीख़ काफ़ी है." मग म्हणाल्या, "फॉर्म में ख़ाना नहीं था. फॉर्म आपने बनाया था."

त्या उद्धटपणे बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२९ एप्रिल

दिवसभर रजिस्टरातल्या वेळा संगणकात भरल्या. इथे काढलेलं रक्त: सरासरी पंचवीस मिनिटं. बस्सीचं: पाच तास चाळीस मिनिटं.

मग बस्सीला राहणाऱ्या सात निरोगी बायका शोधल्या. त्यांचं रक्त तिथेच काढलं होतं. त्यांना मी आलेखातून 'अपवाद' म्हणून बाजूला ठेवलं होतं, कारण त्यांची प्रथिनं वर होती आणि गाठ नव्हती. निबंधात एक वाक्यही लिहिलं होतं, यांना पुढे आजार होण्याची शक्यता तपासावी. सात बायका. त्यांच्याकडे मी चार महिने दयेने पाहत होते.

रक्त नळीत पडून राहिलं, त्यात उन्हात, हादरे खात, की प्लेटलेट्स आपल्या पोटातला माल, हीच प्रथिनं, बाहेर सोडतात. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. मी स्वतः शिकवलंय.

३० एप्रिल

सुमनजींना म्हणाले, माझं रक्त काढा. तीन नळ्या. एक लगेच फिरवायची, एक दोन तासांनी, एक गाडीच्या मागच्या सीटवर सहा तास ठेवून. दंडाला पट्टा बांधताना एवढंच म्हणाल्या, "मुट्ठी बंद कीजिए." मूठ आधीच बंद होती.

६ मे

निकाल. पहिली नळी: पाचही खाली. दुसरी: मधे. तिसरी: पाचही वर. माझ्या तपासणीप्रमाणे सहाव्या तासाला मला कर्करोग झाला.

चार वर्षं. मी कर्करोग मोजत नव्हते. मी बस्सी ते जयपूर अंतर मोजत होते.

गाडी एकच आहे म्हणून. केंद्रावर रक्त फिरवायचं यंत्र मागितलं होतं, कारकुनाने कागद परत पाठवला म्हणून. मी पुन्हा पाठवला नाही, म्हणून. कोणाकोणावर चिडू? यादी करायला घेतली. सिंघवी, कारकून, ड्रायव्हर, ती तिसरी परीक्षक व्यक्ती, प्रतिमा. सुमनजींचं नाव लिहून खोडलं.

तनयाच्या नमुन्याला दहा मिनिटं.

९ मे

सिंघवींना सगळं दाखवलं. म्हणाले, निबंध मागे घेण्याची घाई नको, आधी आणखी नमुने घेऊन बघू, पावसाळ्यानंतर ठरवू. मी म्हणाले, आणि त्या अकरा बायका? तोवर त्या तपासणीला येणार नाहीत. एखादीला गाठ असेल तर? "थोड़ा धैर्य रखिए. एकदम से बताएँगे तो घबरा जाएँगी."

हा माणूस ज्याला धीर म्हणतो त्याला मी भित्रेपणा म्हणते. तोंडावर म्हणाले.

तनयाला सांगायचं आहे. पण सोळाला तिचा वाढदिवस आहे. आठ दिवसांनी काय फरक पडतो? वाढदिवस होऊ दे. एकदम सांगितलं तर घाबरेल.

१३ मे

बाबांशी भांडण झालं. कारण आठवत नाही, भाजीत मीठ जास्त होतं असं काहीतरी. मग मी थांबलेच नाही. जे तेवीस वर्षं बोलले नव्हते ते बोलले. आईला तुम्ही मारलंत. एकाच घरात राहत होतात, तुम्हांला दिसलं नाही?

बाबा उठून जातील असं वाटलं होतं. ते पानावर बसून राहिले. भात चिवडत म्हणाले, "दिसलं नाही असं नाही. तिने मला सांगितलं होतं. दिवाळीच्या सुमारास. म्हणाली, इथे काहीतरी लागतंय. मी म्हणालो, काही नसेल, उगाच घाबरू नकोस. तेवढंच म्हणालो होतो. डॉक्टरकडे जाऊ नको असं मी म्हणालो नव्हतो, विनया. पण ती घाबरायची थांबली. मग उन्हाळ्यापर्यंत गेलीच नाही."

ताट उचलून आत गेले. स्वतः घासलं.

हे त्यांनी आत्ताच का सांगितलं, कळत नाही. मला त्यांच्याशी एक शब्दही बोलावासा वाटत नाही.

१५ मे

वाढदिवसाची वाट पाहिली नाही. आज तिच्या ऑफिसबाहेर गेले. दुपारचं ऊन, गाडीतच बसलो. एसी चालू होता, तरी काच तापली होती.

सगळं सांगितलं. नळ्या, वेळा, रजिस्टर, माझं स्वतःचं रक्त. मी जरा जास्तच समजावून सांगत होते. प्लेटलेट्सपर्यंत गेले होते. ती म्हणाली, "ताई, थांब. मतलब माझा रिपोर्ट खोटा होता?"

"खोटा नाही. त्याला काही अर्थच नव्हता."

"आणि तुला कधी कळलं?"

"खात्रीने म्हणशील तर सहा तारखेला."

"आज पंधरा आहे."

मी वाढदिवसाचं बोलले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य अर्धं सोडलं.

मग ती बोलू लागली, हळू, हिंदीत जात आणि परत येत. "तुला माहीत आहे मी फेब्रुवारीत का नाही गेले? मशीनची भीती वाटते म्हणून नाही. ती दर वर्षी वाटते, तरी जाते. तू म्हणालीस म्हणून. डॉक्टर म्हणाले होते जा. बाबा म्हणाले होते जा. तू म्हणालीस, मी असते तर घाबरले नसते. माझ्यासाठी तेच फायनल होतं."

"मी ढकल असं..."

"ते नको बोलू." आवाज चढवला नाही तिने. "तुझा रिपोर्ट निगेटिव्ह आला ना, तेव्हापासून तू चिडलेली आहेस. माझ्यावर, बाबांवर, सगळ्यांवर. जैसे मी तुझं काहीतरी बिघडवलंय. तुला माझं टेन्शन संपवायचं नव्हतं. तुझं संपवायचं होतं."

दार उघडून उतरली. ऊन इतकं होतं की ती ऑफिसच्या दाराशी पोचेपर्यंत मला नीट दिसलीही नाही.

मी चिडलेली नाही. तिला काय म्हणायचं होतं यावर घरी येईपर्यंत विचार केला, पटलं नाही. एवढंच खरं की त्या निगेटिव्ह कागदाची घडी मी अजून उलगडून पुन्हा पाहिलेली नाही.

२६ मे

एमआरआय झाला. मला आधी कळवलं नाही. निनादने नंतर फोन केला. डाव्या बाजूला बारा मिलिमीटर. सुईने तुकडा घेतलाय.

३ जून

आहे. लवकर वाढणारा प्रकार.

तिच्या सर्जन, डॉ. मधुवंती काळे, नागपूरकडच्या, साध्या बोलतात. तनयासमोरच मी त्यांना विचारलं, फेब्रुवारीत दिसली असती का? त्या म्हणाल्या, "दिसली असती, कदाचित. कदाचित सहा मिलिमीटरची असती, कदाचित नसतीच. मला सांगता येणार नाही आणि तुम्हांलाही कधी कळणार नाही. पेशंट त्या आहेत. त्यांना काही विचारायचंय का बघू."

मला बाहेर काढल्यासारखं बोलल्या. राग आला. नंतर जिन्यात उभी राहिले तर राग कुठे ठेवायचा ते समजेना. आजवर तो ठेवायला कोणीतरी असायचं.

४ जून

संचालकांना न विचारता निबंध मागे घेतला. कारण स्पष्ट लिहिलं, माझ्या सहीने. दुपारी सिंघवींनी बोलावून सांगितलं की प्रकल्प आता दुसऱ्या कोणाकडे जाईल. ठीक.

बाहेर येऊन सुमनजींना म्हणाले, त्या अकरा बायकांचे पत्ते रजिस्टरात आहेत का? त्यांनी विचारलं, "कब चलना है?"

७ जून

बस्सी आणि आसपासची चार गावं. माझी गाडी. सुमनजी शेजारी, मांडीवर रजिस्टर. दोन दिवस लागले.

काहींनी ऐकून घेतलं, काहींच्या नवऱ्यांनी. एकीने पत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. गुलाबदेवी. दोन बहिणी याच आजाराने गेल्या. मी खाटेवर बसून हिंदीत सांगू लागले, की त्या तपासणीत चूक होती, पत्र धरून चालू नका, या महिन्यातच जयपूरला येऊन तपासून घ्या. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "चूक किसकी थी?"

तयारी करून गेले होते. यंत्र नव्हतं, गाडी एक, फॉर्म. सगळं ओठांवर होतं.

"मेरी," म्हणाले.

तिने मान हलवली. आत जाऊन स्टूल आणलं, भिंतीवरची फ्रेम काढली आणि माझ्या हातात दिली. "ये आप ले जाओ. और गाड़ी में जगह हो तो मैं अभी चलती हूँ. बाद में मन बदल जाएगा."

ती मागच्या सीटवर बसून आली. वाटेत कानोता गाव लागलं. मग सुमनजींनी तिला विचारलं, मुली किती. तीन, म्हणाली. वयं सांगितली. सुमनजींनी लिहून घेतली.

अकरांपैकी नऊ या आठवड्यात येणार आहेत. दोघींनी दार उघडलं नाही. पुन्हा जाईन.

१९ जून

उद्या ऑपरेशन. तनयाने दोन्ही बाजू काढायचं ठरवलं आहे. बाबा तिच्याकडे राहायला गेलेत. माझ्याशी ती कामापुरतं बोलते.

दुपारी ती लॅबमध्ये आली. मला वाटलं माझ्याकडे. ती सुमनजींच्या खुर्चीपुढे बसली आणि बाही वर केली. "ताई, तुझ्या रक्ताने काय सिद्ध होणार? तुझ्यात काही नाहीये. माझ्यात आता खरंच गाठ आहे. लगेच फिरवलेल्या नळीत ती प्रोटीनं वाढलेली दिसतात का, ते बघ. नाही दिसली तर तेवढं तरी नक्की कळेल."

प्रकल्प माझा नाही, असं म्हणणार होते. सुमनजींनी पट्टा बांधलाही होता.

"दुखेल?" तनयाने त्यांना विचारलं.

"थोड़ा."

मी कोपऱ्यात उभी होते. ती माझ्याकडे पाहत नव्हती. नळी भरली, सुमनजींनी घड्याळ पाहिलं, लिहिलं, आणि सहा मिनिटांत यंत्र फिरू लागलं.

२४ जून

त्या नळीचा निकाल. पाचही खाली. बारा मिलिमीटरची गाठ अंगात असताना.

झालं. ती पाच प्रथिनं काही सांगत नाहीत, कधीच सांगत नव्हती. प्रतिमाला फोन करून सांगितलं. आधी माफी मागितली. ती म्हणाली, हे नकारात्मक निकालसुद्धा नीट लिहून काढ, दुसरं कोणी चार वर्षं घालवायला नको. लिहायला घेतलं आहे. पहिलं नाव सुमनजींचं घालायचं म्हणते. त्या म्हणाल्या, नाव नको, बस्सीला यंत्र मिळवून द्या. म्हणाले, दोन्ही करते. कागद आज पुन्हा पाठवला.

११ जुलै

ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाचा अहवाल आज मिळणार होता. निनादला सुट्टी मिळाली नाही. तनयाचा मेसेज आला: 'तू गाडी घेऊन ये.' एवढाच.

आजवर तिचा प्रत्येक कागद मी आधी वाचलाय. शाळेचं प्रगतिपुस्तकसुद्धा. आई गेल्यानंतर ते माझंच काम होतं. वाचायचं, मग तिला झेपेल तेवढं सांगायचं. खिडकीवर लिफाफा मिळाला तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला.

तिने लिफाफा दुसऱ्या हातात घेतला. "नाही. मी वाचणार."

पार्किंगमध्ये कडुलिंबाखाली गाडी होती. ती मागे टेकून बसू शकत नव्हती, छातीवर पट्टे आहेत, म्हणून दार उघडं ठेवून तिरकी बसली. मी स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. दोन पानं होती, बारीक अक्षरांत, इंग्रजीत. ती एकेक ओळ बोट फिरवत वाचत होती. मधे मधे विचारायची, याचा अर्थ काय, आणि मी फक्त त्या शब्दाचा अर्थ सांगायचे, पुढचं नाही. पुढे काय आहे ते मला तिरक्या नजरेने वाचता आलं असतं. वाचलं नाही. सोपं नव्हतं.

शेजारी एक कुटुंब गाडीत डबा उघडून जेवत होतं. कोणाचा तरी फोन वाजत राहिला.

तिने दुसरं पान संपवलं, पुन्हा पहिल्यावर गेली, एक ओळ दोनदा वाचली. मग कागद मांडीवर ठेवले.

"आता तू विचार," म्हणाली. "मला जे समजलं ते मी सांगते."

मी विचारलं, काखेतल्या गाठी?

"स्वच्छ. चार काढल्या, चारही."

काढलेल्या भागाच्या कडा?

"स्वच्छ."

केमो?

"लागेल. असं दिसतंय. डॉक्टर मधुवंतींना मी विचारेन." तिने कागदांची घडी घातली. "तू बरोबर येऊ शकतेस. पण बोलणार मी."

मी हो म्हणाले.

"आणि ताई, मी तुला माफ नाही केलंय अजून. मतलब, बघू. आत्ता मला भूक लागलीये."

तिने दार ओढून घेतलं. मी गाडी सुरू केली.